ब्रेस्ट क्लिनिकचा रिव्ह्यू: पाचपैकी चार स्टार, पाचवा रात्री पावणेदहाला गेला

दीड वर्ष या सेंटरला ये-जा करतेय. पहिल्या तपासणीपासून ते आत्ताच्या गोळ्यांपर्यंत सगळं तिथंच झालं, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं समजते. नाव मुद्दाम लिहीत नाही. खरी तक्रार एकच आहे पण मोठी आहे, आणि बाकीचं इतकं नीट झालंय की नाव घेऊन बोलायला जीव होत नाही. तुम्ही ज्या कुठल्या ब्रेस्ट क्लिनिकला जाल तिथं काय बघायचं आणि काय विचारायचं एवढं कळलं तरी पुरे. लांबलचक होणारे, आधीच सांगते.

माझं वय तेव्हा ४७, पाळी चालू. केस बांधायला दोन्ही हात वर केले आणि आरशात डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, एक खळी दिसली. हात खाली, खळी गायब. परत वर, परत हजर. उशीला आतून कुणी दोरा ओढावा तशी. हाताला गाठबिठ काही लागेना आणि मुख्य म्हणजे दुखत अजिबात नव्हतं, आणि माझा हिशोब असा की दुखत नाही म्हणजे काही नाही. त्या हिशोबावर मी तीन आठवडे काढले. मग ताईशी फोनवर बोलता बोलता सहज विषय निघाला तर ती म्हणाली, "तू अपॉइंटमेंट घेतेस का मी येऊन घेऊ?" घेतली. ताई तरीही आलीच, एक दोनशे पानी वही घेऊन. ही वही पुढं कामाला आली म्हणून आत्ताच सांगितलं.

क्लिनिकमधल्या डॉक्टर मॅडमनी माझा हिशोब पहिल्या पाच मिनिटांत उलटा करून ठेवला. म्हणाल्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, म्हणून तर लोक उशिरा येतात. उलट दोन्हीकडे दुखतंय, जड वाटतंय, पाळीच्या आधी वाढतं आणि पाळी आली की कमी होतं, हे बहुतेक वेळा हार्मोन्सचं असतं. खळीचं कारण पण सांगितलं. स्तनात कातडीपासून आत खोलवर बारीक धाग्यांसारखे पट्टे असतात, आतली गाठ ते आखडून घेते आणि वरची कातडी आत ओढली जाते, हात वर केला की जास्त दिसतं. मग प्रश्न सुरू झाले. निपल आधीपासून आत आहे का आत्ता आत गेलंय, एकाच बाजूनं आपोआप, न दाबता, पाणी किंवा रक्त येतं का, निपलवर इसबासारखी खपली आहे का जी मलम लावून पण जात नाही, कातडी कुठं संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि छिद्राछिद्रांची झालीय का, लाल गरम सूज आली होती आणि अँटिबायोटिकनं उतरलीच नाही असं काही, काखेत गोळा लागतो का. मला यातलं एकही नव्हतं आणि मी मनात खूश होत होते, तर त्यांनी ते पण ओळखलं बहुतेक, कारण लगेच म्हणाल्या की यातलं एक असलं तरी पुरतं, सगळी असायची गरज नसते. आणि हे पण म्हणाल्या की इथं गाठ घेऊन येणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो, फायब्रोअ‍ॅडिनोमा असतो किंवा पाण्याची गाठ असते, फक्त ते हातानं ठरवायचं नसतं, तपासून ठरवायचं.

तपासणी नीट केली. बसवून, कमरेवर हात दाबायला लावून, मग आडवं करून, दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याजवळच्या हाडाच्या वर. आणि नर्सला सांगितलं, "डावी, दोन वाजता." ताईनं वहीत इमानदारीत लिहिलं '२ वाजता' आणि विचारलं, मग आम्ही जेवून परत येऊ का. तर ते घड्याळ म्हणजे जागा सांगायची पद्धत, निपल मधोमध धरायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं कुठल्या दिशेला गाठ आहे ते सांगायचं. डॉक्टर, नर्स, ताई, मी सगळे हसलो. त्या दिवशीचं तेवढंच हसणं.

मॅमोग्राफीबद्दल ज्यांना भीती आहे त्यांच्यासाठी. अपॉइंटमेंट देणाऱ्या मुलीनं फोनवरच पाळीची तारीख विचारली होती आणि पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातला दिवस दिला, त्या दिवसांत स्तन कमी दुखरे असतात म्हणून. हे मला आवडलं. डिओ आणि पावडर लावून येऊ नका हे पण सांगितलं होतं, मी सवयीनं डिओ मारूनच गेले, मग ओल्या वाइपनं काख पुसायला लावली. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात म्हणे, आणि ते ठिपके कधीकधी सुरुवातीच्या कॅन्सरची खूण असतात, म्हणजे माझ्या डिओमुळे उगीच घबराट झाली असती. मशीनवाल्या बाईंनी प्रत्येक बाजूचे दोन फोटो काढले, एक वरून आणि एक तिरका. दोन प्लेटांमध्ये दाबतात तेव्हा दुखतं, खोटं कशाला बोलू, पण ते काही सेकंद असतं, फोटो झाला की प्लेट आपोआप सुटते. दाबतात का तर जाडी कमी झाली की चित्र स्वच्छ येतं आणि किरणं पण कमी लागतात. बाई प्रत्येक वेळी आधी सांगत होत्या, "आता दाबणारे, आता श्वास धरा." न सांगता दाबणारे पण असतात असं वेटिंगमधल्या एकीनं सांगितलं.

आणि गंमत बघा, मॅमोग्राममध्ये फारसं काही दिसलंच नाही. माझे स्तन डेन्स निघाले, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त. चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठ पण पांढरीच, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूनं लिहिलेलं वाचा. इथं या क्लिनिकचे पूर्ण मार्क. 'मॅमोग्राम क्लिअर आहे, घरी जा' असं कुणी म्हणालं नाही. खळी दिसतेय ना, मग सोनोग्राफी, तीही त्याच मजल्यावर, अर्ध्या तासात. मॅमोग्राम साधारण आठातला एक कॅन्सर चुकवतो, डेन्स असेल तर जास्त, हे मला नंतर कळलं. त्यामुळे तुम्हाला काही लागतंय किंवा दिसतंय आणि फोटो स्वच्छ आलाय तर तिथंच बसा, उठू नका.

सोनोग्राफीत ती दिसली. २२ मिलिमीटर. स्क्रीन माझ्या बाजूला वळवला होता, काळा वेडावाकडा डाग, कडा धड नाहीत, आडवी कमी आणि उभी जास्त. रेडिऑलॉजिस्ट बोलायचे थांबले आणि फक्त माऊसचे क्लिक ऐकू येत होते, तेव्हाच मला समजलं खरं तर. रिपोर्टवर आलं बायरॅड्स ४ सी. हा आकडा तुमच्या पण रिपोर्टवर असेल म्हणून सांगते, हा कॅन्सरची स्टेज नाही, शंकेचा आकडा आहे. १ म्हणजे नॉर्मल, २ म्हणजे काहीतरी आहे पण साधं, ३ म्हणजे बहुधा साधं (शंभरात दोनपेक्षा जास्त शक्यता नसते) आणि सहा महिन्यांनी परत बघायचं, ४ म्हणजे संशय आहे, सुई टाकून बघा, आणि या ४ मध्येच ए, बी, सी असतात. ए म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत, सी म्हणजे ५० ते ९५. ५ म्हणजे ९५च्या वर. ० असेल तर घाबरू नका, त्याचा अर्थ फोटो पुरेसे नाहीत, अजून काढा. शाळेत शून्य मिळाल्यासारखं तोंड करून बसलेली एक मुलगी मी तिथं बघितलीय.

बायॉप्सी त्याच दिवशी. डोळे, हात आणि सुई तिन्हींची साक्ष एकाच दिवसात घ्यायची ही यांची पद्धत, आणि माझ्या मते या क्लिनिकची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. भूल देऊन जाड सुई टाकतात, सोनोग्राफीवर बघत, आणि तुकडा घेताना स्टेपलरसारखा 'टॅक' आवाज येतो. मला तो आवाज आधी हवेत ऐकवला, म्हणाल्या हा असा येईल, दचकून हलू नका. चार-पाच वेळा टॅक. शेवटी गाठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान धातूची खूण सोडली, पुढं जागा सापडायला. सुई टाकली की कॅन्सर पसरतो हे माझ्या कानावर इतक्या जणांनी घातलं होतं की मी विचारलंच. डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सुईमुळे आजार पसरतो किंवा आयुष्य कमी होतं असं नाही, न तपासता ऑपरेशन केलं तर मात्र नुकसान होतं, कारण कधीकधी ऑपरेशनच्या आधी औषध द्यायचं असतं आणि कुठलं द्यायचं ते हाच तुकडा सांगतो.

आता तो पाचवा स्टार.

सहाव्या दिवशी रात्री पावणेदहाला मोबाइलवर मेसेज आला, आपला रिपोर्ट तयार आहे, बघण्यासाठी इथे क्लिक करा. मी भांडी आवरत होते. ओल्या हातानंच क्लिक केलं. अडीच पानं. इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २. ईआर पॉझिटिव्ह. पीआर पॉझिटिव्ह. हर-टू २ प्लस, इक्विव्होकल. केआय-६७ काहीतरी टक्के. मी काय वाचलं सांगू? ग्रेड २ म्हणजे दुसरी स्टेज. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, आणि ते दोनदा लिहिलंय म्हणजे दुप्पट वाईट. हर-टू म्हणजे अजून एक वेगळाच कॅन्सर. इन्व्हेझिव्ह म्हणजे सगळीकडे पसरला. क्लिनिकचा फोन बंद, हेल्पलाइनवर गाणं वाजतंय. रात्रभर त्या अडीच पानांचा अर्थ मी एकटीनं लावत बसले, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळलं की मी लावलेला जवळजवळ प्रत्येक अर्थ चुकीचा होता.

डॉक्टरांनी मागच्या कोऱ्या कागदावर चित्र काढलं. दुधाच्या नळीच्या आतल्या पेशी बिघडल्या आणि नळीच्या भिंतीच्या आतच राहिल्या तर डीसीआयएस, भिंत ओलांडून शेजारच्या भागात आल्या की इन्व्हेझिव्ह. म्हणजे नळी ओलांडली एवढाच अर्थ, शरीरभर पसरला असा नाही. ग्रेड म्हणजे पेशी मूळ पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात आणि किती झपाट्यानं वाढतायत, १ ते ३. स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि कुठपर्यंत पोचली. दोन्हींचा आकडा सारखा दिसला तरी गोष्ट वेगळी. आणि ईआर पॉझिटिव्ह ही तर त्या कागदावरची चांगली बातमी होती! गाठ इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढते (पीआर म्हणजे तसंच प्रोजेस्टेरॉन हार्मोनचं), म्हणजे ते हार्मोन अडवणारी गोळी तिच्यावर चालणार. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढण्याच्या कामाला लागल्यात. बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर असेच असतात. मी म्हटलं, डॉक्टर, मी या पॉझिटिव्हवर रात्रभर रडलेय. त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत.

काउंटरवर तक्रार केली तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीम ऑटोमॅटिक आहे, रिपोर्ट अपलोड झाला की मेसेज जातो." लेखी दिली, उत्तर आलं, आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे. रिपोर्ट पेशंटचा आहे, त्याला लगेच मिळायला हवा, हे मला मान्य आहे. पण ज्या क्लिनिकमध्ये सुईचा आवाज आधी हवेत ऐकवतात त्यांना एवढं सुचू नये की असला रिपोर्ट रात्री पावणेदहाला, समजवायला कोणी नसताना, मेसेजनं पाठवू नये? निदान बायॉप्सीच्या दिवशीच विचारा की रिपोर्ट फोनवर हवाय का समोर बसून. तुम्ही कुठंही सुई टाकून घेतली तर त्याच दिवशी हा प्रश्न तुम्हीच विचारून ठेवा.

त्या दिवशीचा वेळ मात्र त्यांनी भरपूर दिला, पन्नास मिनिटं, मधे एकदाही फोन उचलला नाही. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. ० किंवा १ प्लस म्हणजे निगेटिव्ह धरतात, ३ प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, २ प्लस म्हणजे कळत नाही, फिश नावाची दुसरी तपासणी करा. माझी पाठवली, नऊ दिवस लागले, निगेटिव्ह आली. पॉझिटिव्ह असती तर ट्रास्टुझुमॅब. हे औषध १९९८ साली आलं आणि एकेकाळी सगळ्यात वाईट समजला जाणारा प्रकार त्यानं पार बदलून टाकला, साधारण वर्षभर देतात आणि मधूनमधून हृदयाची इको करतात. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलं तर ट्रिपल निगेटिव्ह, त्याला ना हार्मोनची गोळी ना हर-टूचं औषध, मुख्य आधार केमो, आणि आता काही जणींना सोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारं औषध. वेटिंगमध्ये शेजारी बसलेल्या दोघींची ट्रीटमेंट वेगळी का असते ते मला तेव्हा कळलं. नाव एक, आजार तीन-चार. तिची केमो आधी आणि माझं ऑपरेशन आधी म्हणून कुणाचं चुकलं असं नसतं.

पहिल्या दिवसापासून फिशपर्यंत पंधरा दिवस लागले. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट ६० दिवसांचं आहे, त्यामुळे इथं त्यांना शाबासकी. आणखी एका गोष्टीसाठी शाबासकी, मी पेट स्कॅनसाठी हट्ट धरला होता तर त्यांनी केला नाही. सुरुवातीचा आजार, दुसरीकडे काही त्रास नाही, मग उगीच संपूर्ण शरीराचा स्कॅन करून कुठंतरी भलतंच काही सापडायचं आणि त्याच्यामागं धावायचं, नको म्हणाले. गिऱ्हाईक मागतंय म्हणून विकणारे नाहीत एवढं कळलं.

ऑपरेशन. मला वाटत होतं सगळं काढून टाका म्हणजे धोका संपला. सर्जननी शांतपणे सांगितलं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉल्स्टेड नावाच्या सर्जनपासून पुढं कितीतरी वर्षं असंच समजत होते, स्तनच काय, छातीचे स्नायूसुद्धा काढायचे. मग अमेरिकेत फिशर आणि इटलीत व्हेरोनेसी यांनी बायकांचे गट करून अनेक वर्षं पाठपुरावा केला, २००२ मध्ये दोघांचे वीस वर्षांचे निकाल आले, आणि नुसती गाठ काढून शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार) दिलेल्या आणि सगळा स्तन काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नव्हता. गाठ एकाच जागी, स्तनाच्या मानानं लहान, शेक घेता येण्यासारखा, असं असेल तर वाचवता येतो. अनेक ठिकाणी गाठी, आधी छातीला शेक झालेला, किंवा बाईचीच तशी इच्छा, तर काढतात, आणि त्याच वेळी किंवा नंतर नवा बनवता पण येतो. निर्णय तुमचा, घाई नाही, दोन दिवसांनी सांगा. मी दोन दिवस घेतले आणि गाठ काढायचं ठरवलं. ताईला शेवटपर्यंत वाटत होतं सगळं काढावं. वहीत तिनं ते लिहून पण ठेवलंय.

काखेतल्या सगळ्या लसिका गाठी काढल्या नाहीत. या गाठी सगळ्यांनाच असतात, कॅन्सर पसरला तर बहुधा आधी तिथं पोचतो. निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचून पहिल्या पहारेकरी गाठी शोधतात, माझ्या तीन काढल्या, एकीत कॅन्सर सापडला, आणि तरीही पूर्ण काख रिकामी करायची गरज नाही म्हणाले कारण पुढं शेक आणि औषधं होतीच. त्यामुळे हाताला सूज यायचा धोका कमी राहतो. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते, ते त्यांनी आधी सांगितलं होतं. फिजिओवाल्या मुलीनं भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला, रोज पेन्सिलनं खूण करायची. माझ्या बेडरूमच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत.

केमो झाली कारण काखेतल्या एका गाठीत कॅन्सर आणि पाळी चालू. लाल औषधाचे चार डोस आणि मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला असे बारा. त्या लाल औषधानं लघवी लाल होते, रक्त नाही ते. डे केअरच्या नर्सेस उत्तम, खुर्च्या ठीक, एसी भयंकर, स्वेटर न्या. थंड टोपीचा पर्याय होता, डोकं गार ठेवलं की केसांच्या मुळापर्यंत रक्त कमी पोचतं आणि औषध पण. मी घेतली. औषधाच्या अर्धा तास आधीपासून ते संपल्यावर दीड तास डोक्यावर, पहिली दहा मिनिटं कपाळ फुटेल असं वाटतं. निकाल असा की लाल औषधात निम्मे केस गेलेच, पण टक्कल झालं नाही. टोपी लाल औषधात कमी आणि पॅक्लिटॅक्सेलमध्ये जास्त चालते हे मला आधी सांगायला हवं होतं, नंतर विचारल्यावर सांगितलं. एक कार्ड देतात, ताप ३८ डिग्री म्हणजे १००.४ झाला की रात्र असो दिवस असो फोन करा, कारण पांढऱ्या पेशी कमी असतात. मला एकदा आला, पहाटे तीनला फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. म्हणजे रात्रीचा माणूस आहे यांच्याकडे! मग रिपोर्टच्या रात्री तो नंबर का दिला नव्हता?

शेक तीन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज मशीनवर काही मिनिटंच. पूर्वी पाच-सहा आठवडे लागायचे. डावी बाजू म्हणून हृदय लांब ठेवायला खोल श्वास घेऊन धरायला शिकवलं. स्पीकरवरून आवाज यायचा, "श्वास आत... धरा... सोडा." कातडी लाल झाली, थकवा आला, बस. याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि नाही हीच स्तुती.

वेटिंग रूमबद्दल मात्र एक लिहायचंय. एक काका यायचे, साठीचे, नेहमी एकटे आणि फाइल छातीशी धरून. एकदा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, पेशंट कुठायत?" ते म्हणाले, "मीच." सगळ्या बायका वर बघायला लागल्या. ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये एखादा पुरुष असतो, म्हणजे एवढ्या मोठ्या सेंटरला नवीन नसणार. आणि फॉर्मवर काय, श्रीमती आधीच छापलेलं आणि पुढं शेवटच्या पाळीची तारीख! काकांनी तिथं एक रेघ मारली होती. त्यांनीच नंतर मला सांगितलं की निपलमागं कडक गोळा लागत होता, वर्षभर कुणाला बोलले नाहीत. फॉर्म बदला हो, एका प्रिंटआउटचं काम आहे.

जेनेटिक कौन्सेलिंगचे पण पूर्ण मार्क. ५०च्या आतलं वय म्हणून तपासणी सुचवली. कौन्सेलरनं घराण्याचं झाड काढलं आणि वडिलांकडचं सुद्धा विचारलं, आत्या, आजी, चुलते, कुणाला अंडाशयाचा, प्रोस्टेटचा. मला वाटायचं हे फक्त आईकडून येतं. बीआरसीए १ हे जनुक १९९४ला सापडलं आणि २ पुढच्या वर्षी, ते बिघडलेलं आई किंवा वडील कुणाकडूनही येऊ शकतं. पण आनुवंशिक कॅन्सर एकूणात पाच ते दहा टक्केच. माझं निगेटिव्ह आलं, आणि इथं निगेटिव्ह म्हणजे चांगलं, हे मी यावेळी आधी विचारून घेतलं. ताईनं मात्र त्या दिवशी वही मिटली आणि पहिल्यांदाच स्वतःसाठी प्रश्न विचारला, मग मी कधी तपासायचं? तिची मॅमोग्राफी तिथंच झाली, नॉर्मल.

मी काय चुकीचं केलं हे पण मी कौन्सेलरला विचारलं होतं, कारण लोकांनी डिओपासून घट्ट ब्रापर्यंत सगळी कारणं सांगून झाली होती. तिनं सांगितलं की २०२२ मध्ये जगात २३ लाख बायकांना हा आजार निघाला, आणि अशा जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये बाई असणं आणि वय वाढणं सोडलं तर खास असं कारण नसतं. डिओ आणि ब्रा यादीत नाहीत. दारू, पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन, पाळी बंद झाल्यावर बरीच वर्षं घेतलेले हार्मोन्स हे आहेत. हे ऐकून मला जेवढं हलकं वाटलं तेवढं कुठल्याच औषधानं वाटलं नाही.

आता टॅमॉक्सिफेन, म्हणजे ती हार्मोन अडवणारी गोळी, चालू आहे, रोज एक, निदान पाच वर्षं, कदाचित दहा. पाळी गेलेल्या बायकांना बहुतेक लेट्रोझोलसारख्या दुसऱ्या गोळ्या देतात, त्यांनी सांधे आणि हाडं दुखतात, मला आत्ता अचानक अंगातून गरम वाफा निघतात, खिडकी उघडी, बंद, उघडी. पायाला एका बाजूला सूज, धाप किंवा अवेळी रक्तस्राव झाला तर कळवा हे सांगितलंय, कारण रक्ताची गुठळी आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर यांचा थोडा धोका असतो. आणि एक कामाची गोष्ट फार्मसीतल्या मुलीनं स्वतःहून सांगितली. मूड चांगला राहायला दिलेल्या काही गोळ्या, पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात, त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे म्हणून सांगा. डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं, तिनं सांगितलं. तिचं नाव माहीत नाही, नाहीतर अर्धा स्टार तिच्या नावावर टाकला असता.

तर चार. गेल्या महिन्यात परत काउंटरवर गेले होते, आता फॉर्ममध्ये एक नवी ओळ आलीय, 'रिपोर्ट कसा हवा: फोनवर लगेच / डॉक्टरांसोबत'. त्या मुलानंच दाखवली. श्रीमती मात्र अजून छापलेलंच आहे. वर्षाची मॅमोग्राफी पुढच्या मंगळवारी, ताईचा मेसेज आत्ताच आलाय, डिओ लावू नकोस.